कॉम्प्युटरबरोबर आलेल्या पाठराखिणी

साल दोन हजार तेवीस. त्या साली श्रावण दोन आले होते. पहिला अधिकाचा. त्यात नवी वस्तू घरात आणायची नाही असं आमच्या घरचीनं बजावलं, म्हणून थांबलो. दुसरा श्रावण लागला आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी मुरबाडहून कॉम्प्युटर आणला.

रस्त्याच्या गँगवर मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच मुकादम म्हणून. दरड काढणं, खड्डे बुजवणं, गटार मोकळं करणं. बारा माणसं हाताखाली. त्या एकतीस वर्षांतल्या गोष्टी सांग म्हटलं तर मला आठवाव्या लागतात. ह्या डब्याच्या दोन महिन्यांतल्या गोष्टी मात्र कोणी न विचारता साचत गेल्या. आमच्या ओट्यावर बसणारे त्या सांगतात आणि वाढवून सांगतात. म्हणून जशा झाल्या तशा एकदा सांगून टाकतो.

कॉम्प्युटर कशाला, ते आधी. नात सुषमा मुरबाडला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिला प्रकल्प लिहायचा होता, सिद्धगडच्या जंगलातल्या रानभाज्यांवर. पावसाळाभर ती वाड्यावाड्यांतून फिरली आणि म्हाताऱ्या बायांना विचारत बसली. कुठली भाजी कधी उगवते, कुठलीचं पाणी दोनदा टाकायचं, कुठली खाल्ली की घसा धरतो. प्रकल्प टाइप करूनच द्यायचा होता. गणपतीनंतरच्या सोमवारी पोचला नाही तर वर्ष गेलं.

मी चौथी शिकलो. तिचं वर्ष जाऊ देणार नव्हतो.

*

दुकानदार बोलका होता. डबा दाखवला, पडदा दाखवला, मग म्हणाला, "आणि आजोबा, अकरा सॉफ्टवेअर सोबत फ्री."

सॉफ्टवेअर म्हणजे काय, मी विचारलं. डब्याकडून काम करून घेतात ते, असं त्यानं सांगितलं.

"म्हणजे मुकादम," मी म्हणालो. "एका डब्यावर अकरा मुकादम कशाला?"

तो हसला. मी हसलो नाही. मी डबा मागितला होता, मुकादम मागितले नव्हते. काढा म्हटलं. तो म्हणाला, कंपनीच आत घालून पाठवते, मी पैसे कुठं मागतोय?

"म्हणूनच काढा."

फुकट आलेली वस्तू पुढं कधीतरी तोंड उघडते. तिला बोलायला जागा नको, म्हणून मी म्हणालो की काढता येत नसतील तर बिलावर तसं लिहा. दुकानात दुरुस्तीला वंदना म्हणून एक बाई होती, तिशी-पस्तिशीची, दोन पोरांची आई. एक डबा उघडून त्यात डोकं घालून बसली होती. तिथूनच म्हणाली, "लिहून द्या ना शेठ. बाबा बरोबर बोलतायत."

त्यानं अकराच्या अकरा नावं लिहिली. खाली लिहिलं, 'वरील वस्तू गिऱ्हाइकाने मागितलेल्या नाहीत.' सही केली, शिक्का मारला.

शिक्का मारताना म्हणाला, "घासाघीस करणारे लय बघितले. फुकटाशी घासाघीस करणारे तुमीच पहिले."

*

अकरातलं एक फोटो लावायचं होतं. ते पहिल्यांदा उघडलं तर इंग्रजीत लांबच्या लांब मजकूर आला आणि तळाला दोन चौकोन. सुषमा न वाचताच एका चौकोनावर दाबायला निघाली. मी तिचा हात धरला.

"आबा, हे कोणीच वाचत नाय."

"मग लिहितात कशाला? वाच."

जेवण उरकून दुपारी ती वाचायला बसली. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग मला मराठीत सांगायची. शेजारचा दामू ऐकायला आला. दामू माझ्याच गँगमधला, सगळ्यात जुना गडी. भांडण झालं तर कुठल्या देशाच्या कोर्टात जायचं, तिथपर्यंत तो जागा होता. पुढं भिंतीला टेकून झोपला.

दिवेलागणीला मजकूर संपला.

"शेवटी काय म्हणतोय?" मी विचारलं.

"हे सगळं मान्य आहे का, विचारतोय."

"नाय म्हणून सांग."

तिनं दुसरा चौकोन दाबला. ते जे काय होतं ते तिथंच बंद झालं. सुषमा म्हणाली, आबा, आता ते चालणारच नाय. मी म्हणालो, त्यानं विचारलं, आपण उत्तर दिलं, यात बिघडलं काय?

दामू जागा झाला. काय ठरलं म्हणून त्यानं विचारलं, मी सांगितलं.

"आख्खी दुपार वाचलं नि नाय म्हणालात, मुकादम?"

"वाचलं म्हणून नाय म्हणालो."

बाकीची सुषमानं मी घरात नसताना उघडली.

*

अकरातलं दुसरं एक राखणीचं होतं. डब्यात बाहेरून रोग शिरू नये म्हणून. ते कोपऱ्यात हिरवं चिन्ह लावून बसायचं.

एका दुपारी सुषमा कॉलेजात होती. मी आणि दामू ओट्यावर, डबा आत चालू. एकदम आतून घंटी वाजली. दामू उठून दारातून बघतो तर पडद्यावर मोठा लाल चौकोन.

दामूनं माझा हात धरून मला ओट्याखाली उतरवलं. घरची चुलीपाशी होती, तिला बाहेर बोलावलं. गाय सोडली. रस्त्यावर उभं राहून त्यानं दोन्ही हात आडवे केले. समोरून एक मोटारसायकल येत होती, ती थांबवली.

घाटात आमचा नियम होता. लाल झेंडा दिसला की माणसं मागं. कारण विचारायचं नाही. हिरवा दाखवेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. कारण विचारत उभा राहिलेला एक गडी आम्ही दरडीखालून काढलाय. म्हणून मीही काही बोललो नाही.

आम्ही आंब्याखाली उभे राहिलो. घरची म्हणाली, भात लागेल. दामू म्हणाला, लागू दे. मोटारसायकलवाल्यानं दोनदा विचारलं की झालंय काय. त्याला कोणी उत्तर दिलं नाही, पण तोही गेला नाही. तासाभरात तिथं आठ माणसं जमली.

चारच्या गाडीनं सुषमा आली. गर्दी बघून रडायच्या बेतात घरात शिरली. आतून तिनं काहीतरी दाबलं आणि दारातून ओरडली, "झालं! हिरवं झालं!"

दामूनं हात खाली घेतले. मोटारसायकलवाल्याला म्हणाला, "जावा. सावकाश."

*

ते राखणीचं पंधराच दिवसांचं होतं. रोज सकाळी पडद्यावर यायचं, आता चौदा दिवस राहिले, आता तेरा. घरचीनं सुषमाला विचारलं, ही कोण रोज दिवस मोजते? सुषमानं सांगितलं, डब्याबरोबर आलीय, थोडे दिवस राहील नि जाईल.

"म्हणजे पाठराखीण," घरची म्हणाली.

तिचा हिशोब सरळ होता. नवी नवरी सासरी येते तेव्हा माहेरची एक बाई सोबत येते. तिला वेगळं बोलावणं लागत नाही. चार दिवस राहते, नवरी रुळली की परत जाते. तिला रिकाम्या हाती धाडायची नसते.

मी म्हणालो, हे यंत्र आहे. ती म्हणाली, तुमी दुकानात काय लिहून घेतलंत ते घ्या, घरात आलेल्या बाईचं मी बघते.

पंधराव्या दिवशी तिनं डब्यावर खण ठेवला, नारळ ठेवला, मूठभर तांदूळ ठेवले. हळदीकुंकू लावायला निघाली तेव्हा सुषमा मध्ये पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर पुन्हा तीच. आता दर अर्ध्या तासानं. सुषमानं वाचून दाखवलं, मुदत संपली, राहू द्यायची तर वर्षाचे पैसे भरा.

घरची कमरेवर हात ठेवून पडद्यासमोर उभी राहिली.

"खण घेतला, नारळ घेतला, नि वर बसलीच!"

सुषमानं ती काढायला घेतली. काढताना पडद्यावर आलं, खरंच काढायचंय का? हो म्हटलं. पुन्हा आलं, का काढताय, कारण सांगा. ते सांगितलं. तरी तिसऱ्यांदा आलं, अजून एकदा विचार करा.

"रडून दाखवतेय," घरची म्हणाली. "लक्ष देऊ नको."

*

दामूला डब्यातलं शेत सापडलं. तोही एक फुकटचा खेळ होता. वाफा करायचा, बी टाकायचं, पाणी घालायचं. बघता बघता वांगी येतात. पाणी न घातलं तर माना टाकतात.

दामू आधी म्हणाला, खत नाय, चिखल नाय, हे कसलं शेत. मग रोज यायला लागला. पहाटे पाचला दार वाजवायचा. पाणी घालायचं राहिलंय म्हणायचा. मी त्याला गँगवर कधी वेळेत आलेला पाहिला नव्हता.

त्याची बायको आमच्या घरचीला म्हणाली, "परसातली वांगी वाळली गो. हा तुमच्याकडं पाणी घालतोय."

चौथ्या दिवशी त्याचं पीक तयार झालं. टोपली घेऊन काढायला गेला तर पडद्यावर कुलूप. सुषमानं वाचलं, खेळायला एकूण एक तास फुकट होता, तो संपला, आता विकत घ्या.

दामू ओट्यावर येऊन बसला. तंबाखू मळली, पण खाल्ली नाही.

"आधी सांगितलं असतं तर तासाचंच पीक घेतलं असतं," तो म्हणाला.

*

आता शेवटची. ही ओट्यावर कोणी सांगत नाही, कारण मी तिथं ती कधी सांगितली नाही.

सुषमा ज्यात प्रकल्प लिहीत होती तेही अकरातलंच निघालं. तीस दिवसांचं. तिसावा दिवस बरोबर गणपतीचा. आमचा गणपती दीड दिवसाचा. सगळे आरतीला उभे आणि ही आत डब्यासमोर. मी हाक मारायला गेलो तर ती नुसती बसलेली. लिहिलेलं सगळं समोर दिसत होतं, पण त्यात एक अक्षर वाढत नव्हतं की पुसत नव्हतं. वीस भाज्या लिहायच्या राहिल्या होत्या.

पडद्यावर वर्षाचे पैसे मागत होते. सुषमा हळूच म्हणाली, आबा, भरूया का.

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

मी नाही म्हणालो. डबा मी रोख देऊन घेतला होता. स्वतःच्या घरात शिरायला मी भाडं देणार नव्हतो. ती आरतीला आली, टाळ वाजवले, जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. संध्याकाळी घरची मला म्हणाली, "पोर दोन दिवस जेवली नाय. तुमचं बरोबर असंल. ती बरोबर-चूक खात नाय नि भाकरीबी खात नाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पैसे घेऊन मुरबाडला गेलो. भरायचे ठरवूनच गेलो. दुकानाला कुलूप. दुकानदार सणाला गावी, सोमवारनंतर येणार. कॉलेजही बंद. शेजारच्या चपलेच्या दुकानातल्या माणसानं सांगितलं, दुरुस्तीवाली वंदना गणपतीला माहेरी गेलीय, किन्हवलीला. दोन दिवसांसाठी.

घरी येऊन सांगितलं. सुषमा म्हणाली, तिचा नंबर कोणाकडून तरी मिळवू, फोन करू. मी म्हणालो, काम आपलं असेल तर माणसाच्या दारात जावं.

शुक्रवारी पहाटे मी डबा घोंगडीत बांधला. सुषमाला बरोबर घेतलं, तिच्या पिशवीत कीबोर्ड. वैशाखऱ्याहून गाडी धरली. डबा मांडीवर. कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट फाडलं, म्हाताऱ्यांचं असतं ते. मी म्हणालो, डब्याचंही फाडा.

"आजोबा, मांडीवर आहे. फुकट जातंय."

"फुकटाचंच निस्तरायला चाललोय. फाडा."

त्यानं डब्याचंही अर्धं फाडलं. दोन मिळून एक पूर्ण झालं, ते मला बरं वाटलं.

सरळगावला उतरून दुसरी गाडी. किन्हवलीत वंदनाचं माहेर शोधायला वेळ लागला नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं. वंदना नवी साडी नेसून अंगणात बहिणीला मेंदी काढत होती. मला बघून उठली. मी घोंगडी सोडली, सुषमानं काय झालं ते सांगितलं.

"सोमवारी द्यायचंय?" तिनं विचारलं.

"हो."

वंदनानं हात धुतले. पदर खोचला.

तिथं पडदा नव्हता. तिनं डबा टीव्हीला जोडला, गणपतीच्या शेजारी. आलेले पाहुणे टीव्ही बघायला बसले होते, ते तसेच बसून राहिले. वंदनानं पिशवीतून बोटाएवढं काहीतरी काढून डब्यात खोचलं, तासभर खटपट केली. तिची आई दोनदा जेवायला बोलावून गेली. मग सुषमाचं लिखाण टीव्हीवर आलं आणि त्यात अक्षर उमटलं.

मी विचारलं, हे किती दिवसांचं?

"याला दिवस नाय बाबा. कायमचं."

"पैसे?"

"नाय."

"मग मालक कोण याचा?"

"मालक नाय कोणी. कुठकुठली माणसं आपापला वेळ काढून बनवतात, नि सगळ्यांना देतात."

आमच्या वाडीचा रस्ता असाच झाला होता. सरकारनं केला नाही, तेव्हा प्रत्येक घरानं एक एक माणूस दिला. त्या रस्त्यावरून आजही कोणी चालतं, त्याला आम्ही काही मागत नाही. ते मला कळलं.

पण ते दूरच्यांचं झालं. ही वंदना तर समोर होती.

सुषमा तिथंच लिहायला बसली, कारण परत आणून पुन्हा बिघडलं तर काय, ही धास्ती. वंदना तिच्याजवळ बसली. टीव्हीवर भाज्यांची नावं येत होती, कुर्डू, कवळा, लोत, शेवळं. वंदनाची आजी पाटावर बसून बघत होती. शेवळ्याजवळ तिनं थांबवलं. म्हणाली, "त्यात आंबट काकडं घालायला सांग गो. नायतर खाज सुटंल नि तुला शिव्या देतील." सुषमानं ते लिहिलं.

सगळं होईतो शेवटची गाडी निघायची वेळ झाली. वंदनाच्या बहिणीची मेंदी अर्धीच राहिली होती. वंदना दुसऱ्या दिवशी सकाळी सासरी जाणार होती.

मी पैसे काढले. तिनं हात मागं घेतला. "सणाचे पैसे घेतात का बाबा?"

मी ते परत खिशात ठेवले. जबरदस्ती केली नाही.

सोमवारी सुषमा मुरबाडला गेली, प्रकल्प दिला, पोचपावती घेऊन आली. ती जेवायला बसली. मी तिच्यासमोर बसलो. घरचीनं दोन्ही ताटांत वाढलं.

माहेरचे दोन दिवस, त्यातला एक आम्ही घेतला होता. आमच्याकडे दिवसाला दिवस देतात. लावणीला तुम्ही आमच्याकडे आलात तर कापणीला आम्ही तुमच्याकडे. यात बोलायचं काही नसतं.

कोजागिरी झाली. भात पिवळं पडलं. माझं स्वतःचं उभं होतं, ते मी दोन दिवस तसंच राहू दिलं. दामू म्हणाला, मुकादम, पाऊस येईल. मी म्हणालो, येऊ दे. विळ्याला धार लावली, भाकरी बांधून घेतली आणि पहिल्या गाडीनं किन्हवलीला उतरलो.

वंदनाचा बाप काळूराम बांधावर उभा होता. मजूर मिळत नाहीत म्हणून तो आणि त्याची बायको दोघंच कापत होती. मला बघून तो म्हणाला, डबा बिघडला का?

मी सदरा काढून बांधावर ठेवला आणि कडेच्या खाचरात उतरलो. त्यानं आधी नको नको केलं. मग तोही विळा घेऊन शेजारच्या खाचरात उतरला. वंदना मुरबाडला दुकानात होती, तिला कोणी कळवलं नाही.

बहात्तराव्या वर्षी पाठ लवकर वाकते आणि उशिरा सरळ होते. दुपारी बांधावर बसून माझी भाकरी मी खाल्ली. त्यांनी कालवण दिलं, ते घेतलं. दिवस कलायच्या आत माझ्या वाट्याची तीन खाचरं कापून झाली.

विळा पुसून पिशवीत घातला. काळूराम पन्नासच्या दोन-चार नोटा हातात धरून आला होता. माझ्याकडे बघून त्यानं त्या परत बंडीत घातल्या.

"तुमच्या पोरीचा एक दिवस आमच्याकडं होता," मी म्हणालो.

तो कापलेल्या खाचरांकडे बघत होता.

"आला," तो म्हणाला.